टक्केवारी म्हणजे शिल्लक: ट्रान्सपोझॉन आणि पृष्ठवंशीय प्राण्यांच्या जीनोमबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बेडकांच्या दोन जवळच्या प्रजाती. एकीच्या जीनोममध्ये, म्हणजे तिच्या संपूर्ण डीएनएत, ट्रान्सपोझॉन, म्हणजे जागा बदलणारे किंवा स्वतःच्या प्रती काढणारे डीएनएचे तुकडे, ६२ टक्के निघाले; दुसरीत ४१ टक्के. त्यावरून ‘पहिल्या प्रजातीत ट्रान्सपोझॉन जास्त सक्रिय होते आणि त्यामुळे तिला नव्या परिस्थितीशी लवकर जुळवून घेता आलं’ असं लिहिता येईल का? आणि मुळात हे तुकडे कचरा मानायचे की उत्क्रांतीचा कच्चा माल?

पृष्ठवंशीय प्राण्यांच्या जीनोममधले पुनरावृत्त भाग ओळखणं हेच माझं गेल्या अनेक वर्षांचं काम आहे, त्यामुळे हा प्रश्न या ना त्या रूपात माझ्यापुढे सतत येतो. माझ्या मते यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. किती प्रती घुसल्या, त्यांतल्या किती टिकल्या, आणि टिकलेल्यांपैकी किती कामाला लागल्या. टक्केवारी फक्त दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, आणि तेही अर्धवट. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर ती शिल्लक आहे. शिल्लक बघून उत्पन्न किती झालं हे सांगता येत नाही, कारण खर्च किती झाला हे माहीत नसतं.

माणूस आणि उंदीर घ्या. २००२ साली उंदराच्या जीनोमचा आराखडा आला तेव्हा त्यात ओळखता येण्याजोगे ट्रान्सपोझॉन साधारण ३८ टक्के निघाले. माणसात ४६ टक्के. तुमच्या पद्धतीने वाचलं तर माणसाचे ट्रान्सपोझॉन जास्त सक्रिय ठरतील. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. एल१ नावाच्या रेट्रोट्रान्सपोझॉनच्या, म्हणजे आरएनएमार्गे स्वतःची प्रत काढणाऱ्या ट्रान्सपोझॉनच्या, अजून उडी मारू शकणाऱ्या प्रती एका माणसात ८० ते १०० च्या घरात असतात, तर उंदरात सुमारे तीन हजार. शिवाय उंदरात विषाणूंपासून आलेले काही घटक आजही नव्या जागी घुसतात. माणसातले तसे घटक, जे जीनोमच्या सुमारे ८ टक्के आहेत, थंडावलेले आहेत. मग उंदराचा आकडा कमी का? कारण उंदराच्या वंशात डीएनएची अक्षरं, म्हणजे ए, टी, जी आणि सी ही त्याची चार रासायनिक एककं, फार वेगाने बदलतात. जुन्या प्रती इतक्या झिजतात की आपली साधनं त्यांना ओळखतच नाहीत. त्या गेलेल्या नाहीत, ओळखीच्या पलीकडे गेल्या आहेत.

आता एक प्रत घुसते कशी ते जरा जवळून पाहा, कारण पुढचं बरंच त्यावर उभं आहे. माणसातला पूर्ण एल१ सुमारे ६,००० अक्षरांचा. त्याची आरएनए प्रत बनते, पेशीद्रवात जाते, तिच्यापासून दोन प्रथिनं तयार होतात आणि ती बहुतेक वेळा ज्या आरएनएपासून बनली त्यालाच चिकटतात. ही जोडगोळी केंद्रकात पोचली की त्यांतलं एक प्रथिन डीएनएच्या एका धाग्याला छेद देतं, साधारणपणे चार टी आणि मग दोन ए अशा जागी. सुटलेल्या टोकावरचे टी आरएनएच्या शेपटीतल्या ए-ए-ए-एशी जुळतात आणि तिथूनच आरएनएवरून डीएनए लिहायला सुरुवात होते. सुरुवात शेपटीकडून असल्यामुळे काम मध्येच सुटलं तर डोक्याकडचा भाग येतच नाही. म्हणूनच माणसातल्या पाच लाखांच्या आसपास एल१ प्रतींपैकी बहुतेक बिनडोक्याच्या आहेत, जन्मतःच मेलेल्या. डीएनएचा दुसरा धागा थोड्या अंतरावर कापला जातो, मधली पोकळी नंतर भरली जाते, आणि त्यामुळे घुसलेल्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना तीच ७ ते २० अक्षरं दोनदा उमटतात. ही जुळी खूण आणि एका टोकाला ए-ए-एची रांग दिसली की मला खात्री पटते: हा तुकडा इथे आरएनएमार्गे आला. नवीन विद्यार्थ्याला मी सगळ्यात आधी हेच करायला लावतो. पन्नास प्रती घ्यायच्या आणि दोन्ही बाजूंच्या जुळ्या खुणा डोळ्यांनी शोधायच्या. जुन्या प्रतींत ती खूण झिजलेली असते, एखाद-दोन अक्षरं बदललेली असतात, आणि काळ म्हणजे काय हे तिथे दिसतं.

याच यंत्रणेवर ॲलू नावाचे तुकडे जगतात. लांबी जेमतेम ३०० अक्षरं, स्वतःचं एकही प्रथिन नाही, तरी माणसात दहा लाखांहून जास्त प्रती. जीनोमचा जवळजवळ दहावा हिस्सा. गंमत बघा: ॲलू आणि एल१ दोन्ही एकाच प्रथिनाच्या छेदातून, एकाच प्रकारच्या जागी घुसतात. पण आज जुने ॲलू जनुकांनी गजबजलेल्या भागांत जास्त सापडतात आणि एल१ जनुकं विरळ असलेल्या भागांत. अगदी तरुण, म्हणजे अलीकडेच घुसलेल्या, ॲलूंमध्ये हा कल बराच कमी दिसतो. म्हणजे आजची मांडणी येण्यातून झालेली नाही, राहण्यातून झाली आहे. ‘अमुक घटक रोगप्रतिकाराच्या जनुकांजवळ जास्त आहेत, म्हणजे ते तिथे उपयोगी आहेत’ अशी वाक्यं मी परीक्षक म्हणून वाचतो तेव्हा मला हे उदाहरण आठवतं. कदाचित तिथे घुसणं सोपं असेल, कदाचित तिथून हटणं अवघड असेल, कदाचित तिथे पडलेल्या प्रतीने कमी नुकसान होत असेल. उपयोग ही चौथी शक्यता, आणि ती सिद्ध करायची जबाबदारी लिहिणाऱ्याची.

खर्चाची बाजू सहसा कुणी मोजत नाही. एकसारख्या दोन प्रती एकाच गुणसूत्रावर जवळ असल्या की पेशीची दुरुस्ती यंत्रणा कधी कधी फसते, एकीला दुसरी समजते, आणि मधला भाग कापून टाकते. दोन ॲलूंमधल्या अशा गफलतीने कोलेस्टेरॉलशी संबंधित एलडीएलआर जनुकाचा तुकडा गेल्याची उदाहरणं १९८० च्या दशकापासून माहीत आहेत. रुग्णाच्या दृष्टीने ही दुर्घटना. जीनोमच्या आकाराच्या दृष्टीने हा खर्च. पक्षी आणि सस्तन प्राणी यांच्या जीनोमची २०१७ साली तुलना झाली तेव्हा दिसलं की आवक आणि जावक दोन्ही मोठी असूनही एकूण आकार फारसा बदलत नाही. भाता फुगतो, मिटतो, आणि आपण एका क्षणाचं छायाचित्र बघून तो हललाच नाही असं म्हणतो.

पक्ष्यांचे जीनोम सव्वा अब्ज अक्षरांच्या आसपास किंवा कमी असतात आणि बहुतेकांत ट्रान्सपोझॉन ४ ते १० टक्केच. पण सुतारपक्ष्यांच्या एका प्रजातीत ट्रान्सपोझॉनच्या एकाच कुटुंबाच्या, म्हणजे एकाच मुळापासून पसरलेल्या प्रतींच्या, वाढीमुळे तो आकडा २२ टक्क्यांपर्यंत गेलेला आहे. पफरफिश फुगूचा जीनोम ४० कोटी अक्षरांचा, माणसाच्या आठव्या हिश्श्याएवढा, ट्रान्सपोझॉन दहा टक्क्यांहून कमी. झेब्राफिश हाही मासाच, जीनोम १.४ अब्जांचा आणि निम्म्याहून जास्त पुनरावृत्त, त्यातही आरएनएशिवाय थेट कापून-चिकटवून उड्या मारणारे डीएनए ट्रान्सपोझॉन प्रमुख. ॲक्सोलॉटल या सॅलॅमँडरचा, म्हणजे शेपूट असलेल्या उभयचराचा, जीनोम ३२ अब्ज. ऑस्ट्रेलियन फुप्फुसमाशाचा ४३ अब्ज. आणि दक्षिण अमेरिकी फुप्फुसमाशाचा, जो २०२४ साली प्रसिद्ध झाला, तो ९१ अब्ज. त्याच्या १९ गुणसूत्रांपैकी १८ अशी आहेत की त्यांतलं एकेक माणसाच्या अख्ख्या जीनोमपेक्षा मोठं आहे. प्रथिनं बनवणाऱ्या जनुकांची संख्या मात्र या सगळ्यांत तुलनेने जवळपास राहते. फुप्फुसमासा फुगूपेक्षा दोनशे पटींहून अधिक गुंतागुंतीचा नाही. या एका ओळीसमोर ‘जास्त ट्रान्सपोझॉन म्हणजे जास्त उत्क्रांती’ हे विधान टिकत नाही.

मग फरक कशामुळे? इथे मला परिस्थितीवर अवलंबून असं म्हणावंच लागेल, कारण किमान तीन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. एक म्हणजे पहारा. पेशी डीएनएवर मिथाइल गट बसवून, बीजपेशींत पायआरएनए नावाचे छोटे आरएनए वापरून आणि जस्ताचा अणू धरून बोटांसारख्या घड्या घेणाऱ्या शेकडो प्रथिनांनी या घटकांना दाबून ठेवते. २०१४ साली माणसातल्या झेडएनएफ९३ या अशा एका प्रथिनाचा मागोवा घेतला गेला. ते एल१च्या एका पट्ट्याला पकडून त्याला गप्प करत होतं. नंतरच्या एल१ पिढ्यांतून नेमकी तीच १२९ अक्षरं गळून पडली आणि तो पुन्हा मोकळा झाला. दक्षिण अमेरिकी फुप्फुसमाशात हा पहारा तुलनेने दुबळा दिसतो. दुसरी गोष्ट लोकसंख्या. प्रजननात भाग घेणारे प्राणी थोडे असले की थोडंसं नुकसान करणारी प्रतही केवळ योगायोगाने सगळ्यांत पसरू शकते; नैसर्गिक निवडीला ती दिसतच नाही. तिसरी पेशीचा आकार. जीनोम मोठा की पेशी मोठी, आणि उडणाऱ्या, भराभर ऊर्जा जाळणाऱ्या प्राण्याला ती परवडत नसावी; पक्षी आणि वटवाघळं यांचे लहान जीनोम बहुधा त्यामुळेच. संथ जगणाऱ्या सॅलॅमँडरला ती परवडते. जीवाश्मांतल्या फुप्फुसमाशांच्या हाडांत पेशींच्या खोबणी शिल्लक आहेत. त्या मोजून १९७० च्या दशकातच दाखवलं गेलं की कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या डेव्होनियन काळातल्या प्राचीन फुप्फुसमाशांच्या पेशी लहान होत्या आणि पुढे वाढत गेल्या. डीएनए नाहीसा झाल्यावरही त्याच्या आकाराचा ठसा दगडात राहतो, हे मला आजही विलक्षण वाटतं.

वटवाघळांवरून आठवलं: जीनोम लहान म्हणजे ट्रान्सपोझॉन निद्रिस्त, असंही नाही. माणसाच्या वंशात डीएनए ट्रान्सपोझॉन सुमारे ३.७ कोटी वर्षांपूर्वीच थंडावले, पण मायोटिस वंशाच्या वटवाघळांत ते अलीकडेपर्यंत, काही आजही, उड्या मारताहेत.

आता कचरा की कच्चा माल. सुसुमु ओनो यांनी १९७२ साली ‘जंक डीएनए’ हा शब्द रुळवला. १९८० साली ऑर्गेल आणि क्रिक, तसंच डूलिटल आणि सपिएन्झा, यांनी मांडलं की एखाद्या तुकड्याला जीनोममध्ये पसरायला प्राण्याला उपयोगी पडावं लागत नाही. स्वतःच्या प्रती काढता आल्या की पुरे. मक्यात हे घटक शोधणाऱ्या बार्बरा मॅकक्लिंटॉक मात्र त्यांना पहिल्यापासून जनुकांवर ताबा ठेवणारे घटक म्हणत. मला यांत भांडण दिसत नाही. पसरण्याचं कारण एक असतं आणि पसरल्यानंतर झालेला उपयोग वेगळा असतो. पुराने वाहून आलेलं लाकूड कुणी घराला लावलं, म्हणून पूर लाकूड पुरवायला आला होता असं होत नाही.

आणि उपयोग झालेला आहे, हे ठामपणे सांगायला हवं. गर्भाला पोसणारी वार (प्लॅसेंटा) तयार होताना पेशी एकमेकींत विरघळून एकच थर बनतो. माणसात हे काम करणारं सिन्सिटिन हे प्रथिन मुळात एका प्राचीन विषाणूच्या आवरणाचं प्रथिन आहे. उंदरात तेच काम वेगळ्या विषाणूकडून आलेलं प्रथिन करतं, आणि ते काढून टाकलं तर गर्भ जगत नाहीत. मांसाहारी प्राणी, रवंथ करणारे प्राणी, ससे, प्रत्येकाने हे स्वतंत्रपणे मिळवलं आहे. त्याहून जुनी गोष्ट प्रतिपिंडांची. आपल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशी जनुकांचे तुकडे कापून नव्या जोडण्या करतात आणि म्हणून कधी न पाहिलेल्या जंतूलाही ओळखू शकतात. ही कापाकापी करणारी रॅग१ आणि रॅग२ ही प्रथिनं एका ट्रान्सपोझॉनपासून आली. त्याचा नातेवाईक २०१६ साली ॲम्फिऑक्सस या पाठकणा नसलेल्या समुद्री प्राण्यात सापडला. जबडा असलेल्या सगळ्या पृष्ठवंशीयांची प्रतिकारशक्ती यावर उभी आहे.

लहान गोष्टही तितकीच बोलकी असते. सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी, वानरांच्या ज्या शाखेत आपण येतो तिच्या पूर्वजात, शेपटीच्या वाढीत भाग घेणाऱ्या टीबीएक्सटी जनुकाच्या एका इंट्रॉनमध्ये एक ॲलू पडला. इंट्रॉन म्हणजे प्रथिन बनवताना गाळला जाणारा भाग, त्यामुळे वरवर पाहता काहीच बिघडायला नको. पण पलीकडच्या इंट्रॉनमध्ये उलट्या दिशेने पडलेला एक जुना ॲलू आधीच होता. आरएनए बनला की दोघं एकमेकांना चिकटतात, मधला सहावा एक्सॉन (प्रथिनासाठी राखला जाणारा भाग) फासासारखा बाहेर पडतो आणि काही प्रतींतून वगळला जातो. २०२४ साली हीच तुटकी आवृत्ती उंदरांत तयार करून पाहिली तेव्हा शेपूट आखूड झाली किंवा आलीच नाही. काही पिल्लांत मज्जारज्जूच्या वाढीचा दोषही दिसला. लाभ आणि किंमत एकाच प्रतीत.

किंमत विसरू नका. १९८८ साली हेग कझाझियन यांच्या गटाने हिमोफिलिया-ए हा रक्त नीट न गोठण्याचा आजार असलेल्या २४० रुग्णांचं रक्त गोठवणाऱ्या आठव्या घटकाचं जनुक तपासलं. दोघांत त्यात एल१ घुसलेला होता, आणि तो आईवडिलांत नव्हता. कोआलांत तर एक विषाणू आपल्या डोळ्यांदेखत जीनोममध्ये वस्ती करतो आहे: उत्तर ऑस्ट्रेलियातल्या जवळजवळ सगळ्या कोआलांत तो वारशाने येतो, दक्षिणेत कमी, आणि त्याचा संबंध रक्ताच्या कर्करोगाशी आहे. एका उपयोगी प्रतीमागे किती प्राणी असे गेले असतील याची नोंद जीनोममध्ये राहत नाही.

तर तुमच्या बेडकांकडे येऊ. आधी ६२ आणि ४१ हे आकडे एकाच मापाने आले का ते बघा. माझ्या हातून झालेली चूक सांगतो. एका सरड्याच्या जीनोममध्ये मला तरुण एल१ प्रती जवळजवळ दिसल्याच नाहीत, आणि मी तो वंश थंडावला असं टिपणात लिहूनही टाकलं. जीनोम १५० अक्षरांच्या वाचनांवरून, म्हणजे यंत्र एका वेळी वाचतं त्या तुकड्यांवरून, जोडलेला होता. ६,००० अक्षरांच्या, एकमेकींशी ९९ टक्के जुळणाऱ्या प्रती अशा तुकड्यांतून वेगळ्या करता येत नाहीत. जोडणी करणारा प्रोग्रॅम त्यांचा एकच ढीग करतो किंवा तिथे भोक ठेवतो. पुढे लांब वाचनांवरून तोच जीनोम पुन्हा जोडला गेला आणि तरुण प्रती शेकड्यांनी उभ्या राहिल्या. तुमच्या दोन प्रजातींपैकी एकीचा जीनोम लांब वाचनांवरून आणि दुसरीचा छोट्या वाचनांवरून झाला असेल, तर २१ टक्क्यांच्या फरकातला मोठा भाग तिथेच सापडेल अशी माझी अटकळ आहे.

दुसरं, घटकांची यादी. एका प्रजातीसाठी रिपीटमॉडेलर या संगणक प्रोग्रॅमने स्वतःची यादी बनवली आणि दुसरीसाठी तयार यादी वापरली, असं बऱ्याचदा होतं. बेडकांत सगळ्यात चांगला अभ्यासलेला झेनोपस ट्रॉपिकॅलिस इतर बहुतेक बेडकांपासून फार पूर्वी वेगळा झाला आहे. त्याच्या यादीने तुमच्या बेडकांतले तरुण, खास त्यांच्याच वंशातले घटक सापडणार नाहीत. दोन्ही प्रजातींच्या याद्या एकत्र करून त्या संयुक्त यादीने दोन्ही जीनोम पुन्हा तपासा, आणि यादीतली मोठी कुटुंबं हाताने तपासून घ्या. यंत्राने बनवलेल्या यादीत कधी कधी साध्या जनुकांची कुटुंबंही ट्रान्सपोझॉन म्हणून येतात.

मग टक्केवारी बाजूला ठेवून वयाचा आलेख काढा: प्रत्येक प्रत तिच्या कुटुंबाच्या मूळ अनुक्रमापासून किती ढळली. सीच्या पुढे जी असलेल्या जागा मिथाइल गटामुळे इतरांपेक्षा साधारण दहा पट वेगाने बदलतात, त्यांची दुरुस्ती केल्याशिवाय वय मोजू नका. शिखर दिसलं म्हणजे तेव्हा स्फोट झाला असंही लगेच मानू नका. त्यानंतरच्या प्रती जास्त हटवल्या गेल्या असतील तरी तसंच शिखर दिसतं. दोन प्रजाती जवळच्या आहेत हा तुमचा मोठा फायदा आहे. दोन्ही जीनोम ओळीने लावा, एकीत प्रत आहे आणि दुसरीत रिकामी जागा आहे अशी ठिकाणं काढा. रिकाम्या जागी जुळ्या खुणेची अक्षरं एकदाच असतील तर पहिलीत प्रत नव्याने आली. तिथे मोठा तुकडाच गायब असेल तर दुसरीतून ती गेली. जमा आणि खर्च वेगवेगळे मोजायचा याहून सरळ मार्ग मला माहीत नाही. एखादी तिसरी, थोडी दूरची प्रजाती मिळाली तर निकाल आणखी पक्का होईल.

जुळवून घेण्याबद्दलचं वाक्य मात्र सध्या काढून टाका. ते लिहायचं असेल तर एक विशिष्ट प्रत, एक विशिष्ट जनुक आणि प्रत काढल्यावर काय होतं याचा प्रयोग हवा. नमुना म्हणून एमईआर४१ हा विषाणूजन्य घटक बघा: २०१६ साली माणसाच्या पेशींत एआयएम२ या प्रतिकारशक्तीच्या जनुकाजवळची त्याची प्रत क्रिस्पर या डीएनए कापण्याच्या साधनाने कापली गेली आणि इंटरफेरॉन, म्हणजे संसर्गाचा इशारा देणारं प्रथिन, दिल्यावर ते जनुक पूर्वीसारखं चालू होईना. फक्त ‘जवळ आहे’ किंवा ‘तिथे प्रथिनं चिकटतात’ एवढ्यावर ते काम थांबलं नाही. बेडकांत हा प्रयोग शक्य नसेल तर दोन प्रजातींतला जमाखर्च नीट मांडलेला लेखही भक्कम असतो. मी तो आनंदाने वाचेन. वयाचा आलेख तयार झाला की त्यातल्या सगळ्यात तरुण कुटुंबाच्या पन्नास प्रती काढा आणि जुळ्या खुणा शोधायला बसा.